‘जुना डबा भंगारात द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पाणी किती वाजता येणार, या मेसेजच्या खालोखाल आमच्या ग्रुपवर सध्या फिरतोय तो हा मजकूर. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक भिशीचा ग्रुप.

‘महत्त्वाची सूचना. विंडोज १० कायमचे बंद झाले आहे. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालूच शकत नाही. अशा कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार केल्यास खाते रिकामे होऊ शकते. त्यात एसएसडी, रॅम टाकणे म्हणजे पैसे पाण्यात. २०१८ च्या आधीचे मशीन भंगारात द्या व नवीन घ्या. सर्वांना पाठवा.’

मी ठाण्यात चरईला राहते आणि घरूनच डीटीपीची कामं करते. पत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, सत्यनारायणाची निमंत्रणं. हे टाइप करतेय ते मशीन २०१४ साली लॅमिंग्टन रोडवरून पार्ट घेऊन जुळवलेलं आहे आणि त्यावर विंडोज ११ चालू आहे. तेव्हा माझं पोट ज्याच्यावर चालतं त्यालाच कोणी भंगार म्हणत असेल, तर गप्प कशी बसू?

‘विंडोज १० कायमचे बंद झाले आहे.’

बंद झालं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला तो मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या फुकट दुरुस्त्यांचा रतीब. मशीन १५ तारखेलाही सुरू होत होतं, आजही होतं. ज्यांना आणखी थोडा वेळ हवा त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट देण्याची योजना आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की ती पैसे न देता मिळते. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, मात्र हवी. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची ओळ दिसते. ती माझ्या आईच्या मशिनवर महिनाभर दिसत होती आणि जाहिरात समजून आम्ही तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

‘जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालूच शकत नाही.’

खरा घोळ इथे आहे, कारण ‘चालत नाही’ आणि ‘मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने अटी घातल्या: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी प्रोग्रॅम अडवणारी सोय), टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. यात न बसणाऱ्या मशिनला ते ‘चालेल याची हमी नाही, अपडेट मिळतील याचीही हमी नाही’ असं सांगतात. हमी नाही आणि शक्य नाही यांत फरक आहे, हे रिक्षावाल्याला ‘येणार का’ विचारणाऱ्या कुठल्याही ठाणेकराला कळतं.

आता यादीत असूनही भंगार ठरलेल्या मशिनची गोष्ट सांगते. पाचपाखाडीला माझी मावसबहीण राहते. तिचा डेस्कटॉप २०१८ चा, आय३-८१०० प्रोसेसरचा, म्हणजे आठव्या पिढीचा. मायक्रोसॉफ्टच्या तपासणीच्या प्रोग्रॅमने त्यावर लाल फुली दाखवली आणि जवळच्या एका दुकानदाराने ‘ताई, टीपीएमच नाहीये, नवीन घ्या’ म्हणून कोटेशनही दिलं. मी रविवारी गेले, मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहिले आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, शिरले. टीपीएम आत होता, फक्त झोपलेला. या पिढीत ती वेगळी चिप नसते, प्रोसेसर-चिपसेटमध्येच असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. कितीतरी बोर्ड ती बंद ठेवूनच कारखान्यातून बाहेर पडले. ‘डिसेबल्ड’चं ‘एनेबल्ड’ केलं. खर्च शून्य.

पण पुढच्या पायरीला मीच माती खाल्ली. सिक्युअर बूटसाठी सीएसएम नावाची जुनी पद्धत बंद करावी लागते. मी ती उत्साहात लगेच बंद केली, आणि मशीन म्हणालं, बूट करायला डिस्कच नाही. बहिणीचा चेहरा असा झाला की तिच्या मुलीचे बारशापासूनचे सगळे फोटो मी खाडीत टाकलेत. झालं होतं एवढंच की तिची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली होती आणि यूईएफआयला जीपीटी आखणी लागते. सीएसएम पुन्हा चालू केलं, मशीन मुकाट्याने उठलं. मग आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवला, विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने आखणी बदलली आणि त्यानंतर सीएसएम बंद केलं. हाच क्रम ठेवा. तासाभरात लाल फुलीच्या जागी हिरवी खूण आली. दुकानदाराचं कोटेशन बहिणीने फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलंय.

माझं मशीन मात्र खरोखरच यादीबाहेरचं आहे. आय५-४४६०, चौथी पिढी, एच८१ बोर्ड, टीपीएम नाहीच. त्यावर रूफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार केला. ८ जीबीचा पुरतो. पेनड्राइव्ह बनवतानाच टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढू का, असं तो विचारतो. विंडोज १० चं लायसन्स अस्सल होतं, तेच ११ ला लागू झालं. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट मला येतात. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती मात्र आपोआप येत नाही, ती फाइल उतरवून स्वतः चढवावी लागते. २५एच२ मी तशीच चढवली. उद्या मायक्रोसॉफ्टने दार लावून घेतलं तर माझी तक्रार चालणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ज्यांची सीएची ऑफिसं आहेत, दुसऱ्यांचे कागद ज्यांच्या मशिनवर असतात, त्यांना मी हा मार्ग सांगत नाही. घरच्या मशिनला सांगते.

एक बारीकशी गोष्ट, जी मेसेजवाल्याला माहीत असती तर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिली असती. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. दोन जीबी रॅमच्या काळात दुकानदारांनी सर्रास ३२-बिट विंडोज टाकून दिलं होतं. त्यावरून थेट वर चढता येत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. आणि ६४-बिट विंडोजवर सोळा-बिटचे पुराणे प्रोग्रॅम चालत नाहीत. डोंगल लावून चालणारं एखादं जुनं मराठी सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल तर आधी त्याची चौकशी करा, मग हात घाला.

‘एसएसडी, रॅम टाकणे म्हणजे पैसे पाण्यात.’

हे वाचून मला खरंच राग आला. जुनं मशीन हळू झालं म्हणजे त्याचा मेंदू म्हातारा झाला असं आपण धरून चालतो. माझ्या मशिनमध्ये मेंदू ठणठणीत होता, गुडघे गेले होते. हार्ड डिस्कची सुई तबकडीवर इकडून तिकडे धावते. सुट्या, विखुरलेल्या फाइली वाचायच्या झाल्या तर सेकंदाला शंभरेक फेऱ्या तिच्याने होतात, त्यापुढे नाही. विंडोज १० आणि ११ तर बसल्या जागी सतत काहीतरी वाचत-लिहीत असतात. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. साध्या साटा एसएसडीला, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कला, सुईच नाही. ती अशा हजारो फेऱ्या सेकंदात करते. पूर्वी मी बटण दाबून चहा टाकायला जायचे. चहा उकळून, गाळून आणला तरी कर्सरभोवती ते निळं कडं फिरतच असायचं. आता गॅस पेटवायच्या आत पासवर्ड विचारतं.

एसएसडी आणली त्या दिवशी डबा उघडला तेव्हा आत इतकी धूळ होती की पंख्याची पाती करडी लोकर गुंडाळल्यासारखी दिसत होती. जुनी रॅम काढली तर सोनेरी दातांवर काळपट थर. खाडीजवळची दमट हवा, दुसरं काय. मुलाच्या कंपासमधलं खोडरबर त्यावर हलक्या हाताने फिरवलं आणि थर निघाला. बायोसचं घड्याळ २०१४ मध्येच अडकलं होतं, म्हणून सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदलली. मग एसएसडी लावायला साटाची, म्हणजे डिस्कची वायर खोचायची, जागा शोधली, तर एच८१ वरच्या चारपैकी दोनच पोर्ट सहा गिगाबिटचे, म्हणजे वेगवान, आणि त्यातला एक डीव्हीडी रायटरने अडवलेला! त्या रायटरमध्ये शेवटची सीडी कधी घातली होती आठवत नाही. त्याला हळू पोर्टवर पाठवलं.

विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा. पडद्यावर ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ असं नुसतं दिसतं. घाईत भलतीच पुसली तर दहा वर्षांचं काम गेलं. शिवाय दोन्ही लावलेल्या असतील तर बूटची फाइल कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसते, आणि पुढे ती डिस्क काढली की विंडोज उठत नाही.

रॅमबद्दल एवढंच: ४ जीबी ही कागदावरची अट, बसून काम करायचं तर ८ हवी. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही, तेव्हा जुनी पट्टी दुकानात सोबत न्या. मला ८-८ च्या दोन पट्ट्या वापरलेल्याच मिळाल्या आणि बऱ्या चालल्यात. नव्या रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी असे चढले की नवीन मशीन घेणाऱ्यालाच त्याची जास्त झळ बसते. पैसे पाण्यात नक्की कोणाचे गेले?

‘खाते रिकामे होऊ शकते.’

अपडेट नसलेलं मशीन कायम इंटरनेटवर ठेवू नये, हे बरोबरच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्याला थोपवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ते अडकले. पण आमच्या आजूबाजूला ज्यांची खाती खरोखर रिकामी झाली, त्यांनी ओटीपी सांगितला होता किंवा फोनवर आलेली ‘चलान’ नावाची एपीके (ॲप चढवणारी) फाइल उघडली होती. तिथे डेस्कटॉपचा काय संबंध? असं काही झालंच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

‘भंगारात द्या.’

द्या, पण हार्ड डिस्क काढून. सगळ्यांच्या आधार आणि पॅनचे स्कॅन त्यातच कुठेतरी ‘न्यू फोल्डर ३’ मध्ये असतात.

राहता राहिलं २०१८. साल बघून मशीन ठरवायचं नसतं, आतला प्रोसेसर बघून ठरवायचं असतं, असं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर मेसेज पाठवणारे तळमजल्यावरचे काका संध्याकाळी दारात उभे. ‘मग माझाही बघून दे.’ मी गेले. उघडून बघते तर कोअर टू ड्युओ, ई७५००, दोन जीबी रॅम. विंडोज ११ ची २४एच२ आणि त्यापुढची आवृत्ती प्रोसेसरकडे पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या आज्ञा मागते. त्या या प्रोसेसरला येतच नाहीत. इथे बायोसमध्ये काही लपलेलं नसतं आणि रूफसही कामाचा नाही. त्याआधीची २३एच२ आवृत्ती बसली असती, पण तिचे घरगुती अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपले.

‘म्हणजे माझा मेसेज बरोबरच होता,’ काका म्हणाले.

त्यांच्या मशिनपुरता होता, हे मला कबूल करावं लागलं. त्यांना कॉम्प्युटर लागतो तो कीर्तनं ऐकायला, विजेचं बिल भरायला आणि भजनी मंडळाच्या वह्या टाइप करायला. टॅली नाही, डिजिटल सही नाही. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम चालवून दाखवली, हलकी एक्सएफसीई आवृत्ती. तिचे अपडेट २०२९ पर्यंत आहेत. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडून दिला. दोन जीबीत ते कण्हत चालतं, आणखी दोनची पट्टी शोधतेय. त्यांच्या प्रिंटरचं काय होतं ते अजून बघायचंय, कारण काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात.

काल रात्री काकांचा मेसेज आला, या वेळी फक्त मला: ‘ज्ञ कुठे आहे?’