ती पंचवीस मिनिटं मी घरात नसते

घरी योगासनं सुरू करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो मॅटचा. कोणती घेऊ, किती जाडीची घेऊ, ऑनलाइन मागवू का? गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या तिघींनी मला हेच विचारलं. मी तिघींना उलट एवढंच विचारलं, "तुला कुणीही हाक मारणार नाही, अशी वेळ दिवसातून कधी असते?" तिघीही गप्प झाल्या.

मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, कारण कित्येक वर्षं माझ्याकडेही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. डोंबिवलीतलं आमचं वन बीएचके. पहाटे दूधवाल्याची बेल, मग पाणी भरायचं, कुकर, दोन डबे, सासूबाईंची थायरॉइडची गोळी. मी हॉलमध्ये ताडासनात उभी राहायचा अवकाश, आतून हाक यायची, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" मी जायचे. परत येईपर्यंत कुकर झालेला असायचा. हाक मारणाऱ्यांची चूक नव्हती. योग ही माझी हौस आहे असं घरात सगळ्यांनी धरलं होतं, मीसुद्धा. आणि बाईची हौस मध्येच सोडायला सांगण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तीनदा सुरू केलं, तीनदा सुटलं.

चौथ्यांदा मी आधी घरच्यांना बसवून बोलले. साडेपाच ते पाच पंचावन्न मी घरात नाही असं समजायचं. मी लोकलमध्ये असते तेव्हा तुमचं तुम्ही बघता ना, तसंच. दूध तुम्ही घ्या. कुकर मी सहाला लावेन. पहिले आठ-दहा दिवस अवघड गेले. बेल वाजली की माझेच पाय दाराकडे वळायचे. पण तेव्हापासून चार वर्षं झाली, आजारपण आणि प्रवास सोडले तर खंड पडलेला नाही.

योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी अभ्यास, म्हणजे योगाचा सराव, पक्का कशाने होतो ते एका सूत्रात सांगितलंय : दीर्घकाल, नैरंतर्य (म्हणजे खंड न पडणं) आणि सत्कार. पहिले दोन शब्द सगळे सांगतात. तिसरा मात्र मागे पडतो. सत्कार म्हणजे आदर. तो आदर साधकाच्या मनात हवा हे खरंच, पण मला वाटतं, घरात करणाऱ्या बाईच्या बाबतीत तो घरातल्या बाकीच्यांच्या मनातही हवा.

योग म्हणजे संसार सोडलेल्यांचं काम, ही समजूत मोडण्याचं मोठं काम आपल्याच मुंबईत झालंय. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला योग संस्था सुरू केली, ती संसारी माणसांसाठी. (हीच संस्था आता सांताक्रूझला आहे.) त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी तर त्या काळात खास स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिलं. या वारशाची आठवण आपण २१ जूनपुरती ठेवतो, याचं मला वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. माझी एक चूक आधी सांगते. दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा मोबाइलवर बघून तिसऱ्याच दिवशी हलासन (उताणं झोपून पाय डोक्यामागे टेकवणं) केलं आणि मान आखडली, ती तीन आठवडे. मोबाइल आपल्याला दिसतो, पण मोबाइलला आपण दिसत नाही. म्हणून घरी करायचं असलं तरी सुरुवातीचे दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा तरी शिक्षकांसमोर करा. रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आधार घ्यायला लाजू नका. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंत, खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळे अशा साधनांनी कडक सांध्यांच्या आणि आजारी माणसांनाही आसनं करायला शिकवली. ते स्वतः लहानपणी सतत आजारी असत. ही साधनं घरात असतातच. माझी सतरंजी आईकडची आहे, पट्टा म्हणजे जुनी सुती ओढणी. भिंतीला टाचा टेकवून ताडासन. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, पाठ सरळ राखत पुढे झुकणं. खुर्चीची पाठ बाजूला येईल असं आडवं बसून भारद्वाजासन, म्हणजे कमरेतून पिळा. लोकलमध्ये उभं राहून ताठलेली पाठ मोकळी करायला माझ्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. उताणं झोपून तळव्याला ओढणी अडकवून एकेक पाय वर. मग पाय भिंतीवर टेकवून तीन मिनिटं. एवढंच. शीर्षासन मी आजही करत नाही आणि मला त्याची रुखरुख नाही.

शवासन मात्र चुकवू नका, हे हात जोडून सांगते. सगळ्यात आधी तेच कापलं जातं, कारण आडव्या पडलेल्या बाईला घर रिकामी समजतं. माझ्या पंचवीसातली पाच मिनिटं त्याची असतात. तेवढ्यात कुणी दार वाजवलं तरी मी उठत नाही.

सकाळ जमत नसेल तर हट्ट नको. पोट रिकामं हवं, जेवणानंतर निदान तीन-चार तास गेलेले हवेत, एवढं पाळलं की संध्याकाळही चालते. त्या तिघींपैकी एकीचा परवा फोन आला. तिला तिची वेळ सापडली. मुलं साडेचारला ट्यूशनला जातात, तिचं जेवण साडेबाराला झालेलं असतं. दाराची बेल ती तेवढा वेळ बंद ठेवते. मॅट अजून घेतलेली नाही.