‘भुर्दंड बाकीच्यांना’ हा हिशेब कुठे चुकतो?

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा: ‘आरोग्यसेवेतला वंशभेद ही अमेरिकेची भानगड. यंत्रं रंग बघत नाहीत. भेदभाव काढायचा म्हणजे ठरावीक लोकांचे लाड अन् भुर्दंड बाकीच्यांना.’

यंत्र रंग बघत नाही? पल्स ऑक्सिमीटर बघतो. बोटातून जाणारा प्रकाश त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही शोषतं, त्यामुळे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा फुगू शकतो. अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के ऑक्सिजन दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ हून कमी, असं कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्यांत ३.६ टक्के. म्हणजे गोरेही सुटले नाहीत. सावळ्या नागपूरकराने तर नेलपॉलिश पुसून, बोट गरम करून, आकडा स्थिरावल्यावरच वाचावा. आणि दम लागत असेल तर ९४ पाहून घरी बसू नये.

‘अमेरिकेची भानगड’ म्हणणाऱ्यांनी विदर्भातला सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार) बघावा. तो अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजांत जास्त, म्हणून ‘आमच्यात नसतो’ म्हणत बाकीचे तपासणी टाळतात. शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे, पण ती वाहक (एकच सदोष जनुक असलेला, सहसा स्वतः आजारी नसलेला) आणि रुग्ण वेगळे करत नाही, सहा महिन्यांखालच्या बाळात फसते आणि थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार, तर तिला दिसतच नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावरच्या चाचणीत तिन्ही अडचणी बऱ्याच सुटतात. त्यातलं हिमोग्लोबिन ए२ साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमियाचा वाहक असल्याचा संशय घ्यायचा. लोह कमी असेल तर ए२ खाली दिसतं, म्हणून हिमोग्राम सोबत वाचायचा. नुकतं रक्त चढवलं असेल तर तीन-चार महिने थांबायचं. थॅलेसेमियाचं प्रमाण सिंधी समाजात जास्त. म्हणजे सिकलसेलसाठी आणलेलं यंत्र नागपूरच्या सिंधी वस्तीतल्या, जरीपटक्यातल्या कुटुंबाच्याही कामाचं. एक जोडीदार सिकलसेल वाहक, दुसरा थॅलेसेमिया वाहक असेल तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला दोन्हींचा मिश्र आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे जातीवरून ओळखता येत नाही, रिपोर्टवरूनच कळतं.

एचपीएलसी महाग पडते, हे खरं. पण थॅलेसेमिया मेजरच्या (त्याच्या गंभीर रूपाच्या) मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, तेही जन्मभर. भुर्दंड मोजायचाच तर तो मोजा.

‘लाड’ हा शब्द कॅज्युअल्टीत सर्वांत खोटा ठरतो. सिकलसेलच्या कळा बाहेरून दिसत नाहीत, म्हणून ‘नाटक करतो’ असा शेरा बसतो. नियम साधा आहे: आल्यापासून तासाभरात वेदनाशामकाचा पहिला डोस, मग दर अर्ध्या-एक तासाने पुन्हा विचारणा, दोन्ही वेळा केसपेपरवर. ही नोंद सक्तीची केली की मुतखड्याने तळमळणाऱ्यालाही त्याच घड्याळाने औषध मिळतं, मग तो कुठल्याही वस्तीतून आलेला असो.