शहराच्या पोरांना शिबिरं, आमच्या पोट्ट्यांना खदान

कालपासून डोकं भणभणून राहिलं आहे माझं. नागपूरच्या नणंदेनं व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली, आठवी ते बारावीच्या पोरांनी शहरात सुट्ट्यांत काय काय करायचं त्याची. पोहण्याची बॅच, स्केटिंग, बॅडमिंटन, गिटार, रोबोटिक्स, रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण, अजब बंगल्यातलं संग्रहालय, पहाटे अंबाझरी तलावापर्यंत सायकल. खाली लिहिलं, "वहिनी, पंधरा दिवस दोघांना पाठवून द्या." तिचं काहीच चुकलं नाही, प्रेमानंच म्हणते बिचारी. पण एका बॅचची फी ऐकली अन् गप्प बसले, आमचा महिन्याचा किराणा होतो तेवढ्यात. आणि समजा माझी दोघं गेलीही, तर गावातल्या बाकीच्या साठ-सत्तर पोरांनी काय करायचं? त्यांना नणंद नाही नागपुरात.

मुळात सुट्टी सगळ्यात लांब आमच्याच पोरांना. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यात शाळा उघडते, आमच्या विदर्भात ऊन ओसरत नाही म्हणून जूनचा शेवट येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, नवतपा लागला की सकाळी साडेनवालाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, त्यात विजेची डीपी जळाली की दोन-दोन दिवस कूलर बंद. अशा दिवसांत पंधरा वर्षाच्या पोट्ट्यानं दिवसभर घरात बसून काय करायचं हे एकालाही सांगता येत नाही, पण तो मोबाईल घेऊन बसला की बोलायला अख्खं गाव तयार. अन् मोबाईल काढून घेतला की तो जातो खदानीवर.

मागच्या शुक्रवारी हेच झालं. माझा पोरगा अन् त्याचे चार दोस्त दुपारी गिट्टीखदानीच्या, म्हणजे खडी काढलेल्या दगडखाणीच्या, डबक्यात पोहायला गेले. पोहायला म्हणजे काय, एकालाही येत नाही. खदानीला नदीसारखा उतार नसतो हो, एका पावलाला गुडघाभर पाणी अन् पुढच्या पावलाला माणूस दिसत नाही, कडा सरळ तासलेल्या, हाताला धरायला काही नाही. त्यातला एक जण गेलाच होता खाली. बकऱ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानं धोतर सोडून फेकलं म्हणून वाचला. मी धावत गेले तेव्हा तो पोरगा दगडावर बसून थरथरत होता, बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत थंडी वाजल्यासारखा, आणि माझा पोरगा मला म्हणते, "मंग काय करू घरी बसून, तूच सांग ना आई." मी थापड मारली त्याला. पण उत्तर माझ्याकडे नव्हतंच, ते अजून खुपते.

संध्याकाळी पारावर सगळे एकच बोलून राहिले, "पोट्ट्यायले वळण नाही." अरे, वळण लावायला जागा तर द्या! आमच्या सासऱ्यांनी नवऱ्याला कमरेला टिनाचा डबा बांधून विहिरीत पोहणं शिकवलं होतं, स्वतः काठावर उभं राहून. आता मे महिन्यात विहिरींना तळाशी पाणी, अन् काठावर उभं राहायला कोणाला वेळ नाही.

आणि जागा नाही असंही नाही, त्याचाच तर संताप आहे! गावात शाळा आहे. चार खोल्या, पंखे, हातपंप, कडुलिंबाच्या सावलीचं मैदान, पुस्तकांनी भरलेलं कपाट. दोन महिने कुलूप. मी मास्तरांना फोन केला, ते म्हणाले शाळेच्या समितीला विचारा. समितीवाले म्हणाले ग्रामपंचायतीच्या सचिवाला विचारा. सचिव म्हणाले, "बाई, काही तुटलं-फुटलं त जबाबदारी कोणाची?" पंख्याचं पातं वाकलं तर जबाबदारी कोणाची हे सगळ्यांना पडलं आहे, पोरगं बुडालं तर कोणाची हे एकानंही विचारलं नाही. ओपन जिम बसवली आहे, लोखंडाची, भर उन्हात, वर पत्र्याचा तुकडासुद्धा नाही. सकाळी नऊला हात लावून पाहा, फोड येते.

पोरींचं तर कोणी नावच काढत नाही. शाळा बंद तर पोरींना शाळेत नेणारी निळी बसही बंद, म्हणजे तालुक्याला क्लास लावायचा म्हटलं तरी जायचं कसं? माझी पोरगी आठवीत आहे, कबड्डीत शाळेकडून खेळते, चपळ आहे. एप्रिलपासून तिनं काय केलं तर पापड, कुरड्या, सरगुंडे, अन् दोन लहान्यांना सांभाळणं. काम शिकावंच, मी नाही म्हणत नाही, पण दोन महिने उंबऱ्याच्या आत? तिच्या वयाची नणंदेची पोरगी पहाटे रॅकेट घेऊन निघते.

मोठा पैसा लागते म्हणतात. कशाला? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, आपल्याच वऱ्हाडातलं, तिथले खेळाडू 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसारखे आपले देशी खेळ दाखवून आले. त्या खेळांना काय एसी हॉल लागतो? कबड्डीला माती अन् चुन्याच्या रेषा, मल्लखांबाला एक खांब, अन् सागवान आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कमी आहे का? शिकवणाराही आहे, गावात बीपीएड, म्हणजे खेळ शिकवायची पदवी, झालेली दोन पोरं नोकरी नाही म्हणून घरी बसून आहेत, मी विचारलं तर दोघंही म्हणाले, "काकू, फुकट शिकवू, फक्त मैदान उघडून द्या." सकाळी सहा ते साडेआठ खेळ, मग ऊन चढलं की एका खोलीत पंख्याखाली ते पुस्तकाचं कपाट उघडायचं, कॅरम, बुद्धिबळ मांडायचं. एवढंच मागून राहिले मी. एक किल्ली.

खदानीवर पंचायतीनं आता पाटी लावायचं ठरवलं आहे, "पोहण्यास मनाई". त्याच्या ठरावाला दोन दिवस लागले फक्त. किल्लीचा अर्ज तीन आठवड्यांपासून पडून आहे. उद्या सोमवार आहे, मी त्या खदानीतून काढलेल्या पोराच्या मायला सोबत घेऊन परत सचिवाकडे जाते, अन् यावेळी किल्ली हातात पडल्याशिवाय आम्ही दोघी तिथून उठणार नाही.