टॉम अँड जेरी मुलांचं झालं ते नंतर

‘टॉम अँड जेरी, बग्ज बनी ही जुनी कार्टून्स फक्त मुलांसाठी होती, निरागस होती. त्यातले चावट विनोद चित्रकारांनी मालकांची नजर चुकवून घुसडले. तेव्हा कुणी हरकतही घेत नसे.’ असा मजकूर पुन्हापुन्हा फिरत येतो. मला ही कार्टून्स फार आवडतात, म्हणून हे खोडून काढणं गरजेचं वाटतं.

आधी ‘मुलांसाठी’ हे पाहू. टॉम अँड जेरीचे जनक हॅना आणि बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात त्यांचे ११४ लघुपट केले, ते चित्रपटगृहांसाठी. मुख्य सिनेमाच्या आधी बातमीपट लागायचा, त्याच्या जोडीला सहा-आठ मिनिटांचं कार्टून. समोर सगळ्या वयाची माणसं बसलेली असत. कार्टून दिग्दर्शक टेक्स एव्हरीच्या १९४३च्या ‘रेड हॉट रायडिंग हूड’मध्ये लाल टोपीवाली मुलगी नाइटक्लबमध्ये गाते आणि तिला पाहून लांडग्याचे डोळे खोबणीबाहेर येतात. मग आजीबाईच त्या लांडग्याच्या मागे लागते! हे बालगोष्टीचं विडंबन आहे आणि ते मोठ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच रचलेलं आहे. बग्ज बनीचं गाजर खात बोलणंही १९३४च्या एका गाजलेल्या सिनेमातल्या क्लार्क गेबल या हॉलिवूड नटावरून घेतलेलं. मुलांना त्यात गाजर खाणारा ससा दिसतो, तो सिनेमा पाहिलेल्यांना गेबल आठवे.

‘नजर चुकवून’ हे तर अजिबात पटत नाही. १९४२च्या ‘अ टेल ऑफ टू किटीज’मध्ये पक्षी पकडायला शिडीवर चढलेल्या बोक्याला त्याचा जोडीदार ओरडून सांगतो, ‘पक्षी दे!’ इंग्रजी बोलीत याचा दुसरा अर्थ अपमानाचा असभ्य इशारा करणं. बोका थेट प्रेक्षकांकडे वळून म्हणतो, हेज ऑफिसनं परवानगी दिली असती तर दिलाच असता. हेज ऑफिस म्हणजे हॉलिवूडची सेन्सॉर यंत्रणा. पडद्यावर तिचंच नाव घेऊन केलेला विनोद चोरून केलेला कसा?

आणि हरकत? भरपूर होती. १९३४पासून सेन्सॉरची नियमावली कडक झाली तेव्हा बेटी बूप या कार्टून-नायिकेचा झगा लांब करावा लागला. कृष्णवर्णीयांच्या विकृत चित्रणाविरुद्ध त्यांच्या संघटनांनी १९४०च्या दशकातच आवाज उठवला होता, आणि तो योग्यच होता. १९६८मध्ये बग्ज बनीच्या वॉर्नर स्टुडिओची अशी ११ कार्टून्स टीव्हीवरून काढून घेण्यात आली.

या गैरसमजाचं मूळ टीव्हीत आहे. १९५०च्या दशकात स्टुडिओंनी जुने लघुपट टीव्हीला विकले आणि पुढे ते शनिवार सकाळच्या मुलांच्या वेळेत गेले. भारतात १९९५मध्ये कार्टून नेटवर्क आलं, तोवर त्यांच्यावर ‘मुलांचं’ असा शिक्का बसलेला होता. १९५०च्या ‘टेक्सस टॉम’मध्ये टॉम एका मांजरीवर छाप पाडायला एका हातानं सिगारेट वळून ओढतो. २००६मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकानं तक्रार केली, तेव्हा मुलं पाहतात म्हणून वाहिनीनं हे दृश्य कापायचं कबूल केलं.