रत्नागिरीतला शेवटचा दिवस कसा वसूल करावा

सहलीचा शेवटचा दिवस आरामाचा असतो, असं मानणारे लोक उशिरा उठतात. तुम्ही पहाटे उठा. आधीचे दिवस गणपतीपुळे, आरे-वारे आणि खोलीतल्या एसीत गेले. शहर बघायचं तसंच राहिलंय आणि गाडी संध्याकाळची आहे. म्हणजे रत्नदुर्ग, मांडवी, टिळकांचं जन्मघर, सगळं जेवणाआधी. टिळकांकडे पाच मिनिटं पुरेत. 1856 साली ते इथे जन्मले, हे शाळेत पाठ झालेलंच आहे. पतितपावन मंदिर 1931 मध्ये सर्व जातींसाठी खुलं म्हणून उभं राहिलं. तुम्ही बुटाच्या नाड्या सोडायच्या कंटाळ्याने बाहेरूनच हात जोडा.

थिबा राजवाड्यात मात्र थोडं रेंगाळा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवलं आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा पुरा व्हायला 1910 उजाडलं, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. परतीचं तिकीट काही मिळालं नाही. सावरकरांनाही 1924 पासून 1937 पर्यंत हा जिल्हा सोडायला बंदी होती. सरकार ज्या गावात शिक्षा म्हणून माणसं ठेवायचं, तिथे राहायला तुम्ही वर्षभर रजा साठवता. असले विचार मनात आले की लगेच सेल्फी काढावा. विचार जातात.

आता आंबा. बागायतदाराच्या दारात जा, पण भाव आधी विचारू नका. आधी चार आंबे हुंगा, दोन दाबा, एक कापायला लावा आणि खाऊन झाल्यावर म्हणा, "आमच्याकडे मार्केटात याहून स्वस्त मिळतो." तो कर्नाटकातला असेल असं तो नम्रपणे सुचवेल. तुम्ही दुखावल्यासारखं दाखवा. मग पेटीत गवतात नीट बसवलेली फळं उपसून पुन्हा मोजायला लावा. कोकणी माणूस तोंडाने फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, पण गिऱ्हाईक निघालंय हे कळलं की तो वर दोन आंबे टाकतो. ते दोन मिळेपर्यंत हलू नका.

स्टेशन शहरात नाही, कुवारबावला आहे. रिक्षावाल्याने वाटेत कोकम सरबताच्या दुकानापाशी थांबून तुमची खरेदी होऊ दिली, पेट्या स्वतः उचलून ठेवल्या, तरी ठरलेल्या भाड्यातून दहा रुपये कमी करून बघाच. हरकत नाही म्हणाला, तर वीस का नाही म्हटलं, याची हळहळ गाडीत करता येते.

त्याआधी, जिच्या घरगुती खोल्यांत उतरलात त्या काकूंचा निरोप. खोली बारा वाजता सोडायची होती. तुम्ही चारपर्यंत पंख्याखाली लोळलात आणि त्या काही बोलल्या नाहीत. "गाडीला वेळ आहे हो, दोन घास खाऊन जा," असं म्हणून त्यांनी घरच्यांसाठी केलेली बांगड्याची आमटी वाढली. ती बिलात धरलेली नाही ना, हे हात धुण्याआधी विचारून घ्या. निघताना त्या फणसपोळी हातात ठेवतील, तेव्हा थोडी जास्त मिळेल का पाहा. ऑफिसात वाटायला होते.

मग अगदी गहिवरून म्हणा, "काकू, ठाण्याला आलात की आमच्याकडेच उतरायचं हं!" त्यांचा मुलगा पुढच्या महिन्यात परीक्षेला ठाण्यालाच येतोय, असं त्या म्हणाल्या, तर रिक्षावाल्याला घाई करायला सांगा.