'रेड' मेटल नव्हे, 'डॅमनेशन' तर नव्हेच

कोल्हापुरात रॉक ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतोय. जड गिटार, विषम ताल, ओरडणारा गायक, मेटलवाला बँड : यातलं काहीही दोन सापडलं की प्रोग्रेसिव्ह रॉकचा (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, म्हणजे 'प्रोग') अल्बम मेटल (रॉकचा सगळ्यात जड प्रकार) धरायचा. पुरावा म्हणून किंग क्रिमझन या प्रोग बँडचा १९७४चा 'रेड'.

आधी जड आवाज. नुसत्या दणक्यावर ठरवायचं तर गणपतीत राजारामपुरीत छाती हलवणारा डॉल्बी हाच सगळ्यात मोठा मेटल बँड! मेटलमध्ये गाणं रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यावर, उभं असतं. रिफला गाण्याचा मालक ब्लॅक सॅबथने १९७०लाच केलं. तळहाताची कड ब्रिजपाशी (गिटारवर तारा जिथे टेकतात तिथे) टेकवून तारा दाबायच्या आणि ड्रमरने दोन्ही पायांनी तेच ठोके धरायचे, हे पुढे थ्रॅशवाल्यांनी (थ्रॅश म्हणजे वेगवान मेटल) पक्कं केलं. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज, काढून साध्या गिटारवर वाजवा. हा सांगाडा तरीही ओळखू येतो. 'रेड'ची सहा मिनिटांची पहिली रचना या कसोटीला बरीचशी उतरते, यात वाद नाही. पण अल्बममध्ये रचना पाच. 'प्रॉव्हिडन्स' मैफिलीत जागेवर सुचत गेलेली, व्हायोलिनने सुरू होणारी. 'स्टारलेस' बारा मिनिटांची, मेलोट्रॉनवर (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) निघते आणि सॅक्सोफोनला मोकळं रान देते. निकाल अख्ख्या अल्बमवर द्यायचा, की आवडत्या सहा मिनिटांवर?

विषम तालाचं तर देवल क्लबात, कोल्हापूरच्या या जुन्या संगीतसंस्थेत, कुणाला सांगूच नका. रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा. शाहू महाराजांच्या दरबारी गायक असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात त्याचं काय अप्रूप? पिंक फ्लॉइडचं 'मनी' सातात आहे आणि त्याला कुणी मेटल म्हणत नाही. उलट मेशुगासारखा अस्सल मेटल बँड गिटार आडवीतिडवी फिरवतो, पण झांज बहुतेक वेळा सरळ चारातच धरतो.

ओरडण्याचा मुद्दा दोन ओळींचा. ड्रीम थिएटर या बँडचा १९९२चा 'इमेजेस अँड वर्ड्स' सुरेल गळ्याने गायलाय. तो मेटल नाही असं म्हणणारा अजून भेटायचाय.

राहिलं बँडचं नाव. ओपेथ या मेटल बँडने 'डिलिव्हरन्स' आणि 'डॅमनेशन' हे अल्बम एकाच काळात रेकॉर्ड केले. पहिला २००२ला आला, दुसरा २००३ला. माणसं तीच. 'डिलिव्हरन्स'मध्ये गुरगुरणं आहे, दाबलेल्या तारा आहेत, दोन्ही पायांनी वाजवलेला डबल बेस ड्रम आहे. 'डॅमनेशन'मध्ये यातलं काहीच नाही. मेलोट्रॉन, साधी गिटार, हळू गाणं. पहिला मेटल, दुसरा प्रोग. फॉरवर्डवाल्या भावाने दोन्ही लागोपाठ ऐकावेत, पण हेडफोनवर.