खाचकार म्हणजे नुसता थडग्याचा दगड नव्हे

आर्मेनियातल्या नक्षीदार क्रूस-दगडांचे, म्हणजे खाचकारांचे फोटो सध्या खूप फिरतायत आणि सोबतचा मजकूर साधारण असा असतो: ‘हे मध्ययुगातले थडग्यांचे दगड, तिकडचे वीरगळच. प्रत्येकाखाली कोणीतरी पुरलेलं आहे. वर येशूच्या मरणाचं चित्र. सगळे एकाच साच्यातले, कारागीर अज्ञात. ही कला केव्हाच संपली, आणि जुल्फाचे दगड काळाच्या ओघात पडून गेले.’ फोटो इतके सुंदर आहेत की लोक मजकूर न तपासता पुढे पाठवतात. शेवटचं वाक्य वाचून मात्र मला राहवलं नाही.

आधी ‘प्रत्येकाखाली कोणीतरी पुरलेलं आहे’ हे बघू. खाच म्हणजे क्रूस, कार म्हणजे दगड. सेवान सरोवराजवळच्या नोरातुसच्या दफनभूमीत सुमारे 900 खाचकार उभे आहेत आणि ते थडग्यांचेच आहेत, हे मान्य. पण गेघार्द मठात ते डोंगराच्या कड्यातच कोरलेत, इतर कितीतरी ठिकाणी चर्चच्या भिंतीत बसवलेत. तिथे खाली कोण पुरणार? चर्च बांधून झालं, पूल झाला, लढाई जिंकली, की खाचकार उभा करत. जिवंत माणूससुद्धा स्वतःच्या आत्म्यासाठी तो करवून घेई. दगडांवर कोरलेल्या लेखांमध्ये त्याला ‘सुर्ब न्शान’, म्हणजे पवित्र चिन्ह म्हटलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला विनंती असते की प्रार्थनेत अमक्याची आठवण ठेवा. कोरलेली बाजू पश्चिमेला असते, म्हणजे समोर उभा राहणारा आपोआप पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतो. दगड तयार झाला की त्याला आशीर्वाद देऊन पवित्र तेल लावतात. मग तो रक्षण करतो, अशी श्रद्धा.

वीरगळाशी तुलना म्हणूनच जुळत नाही. वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, अशी एका मरणाची गोष्ट वाचता येते. बहुतेक खाचकारांवर मरणाची गोष्टच नसते. क्रूसाच्या टोकांना कळ्या फुटलेल्या असतात, बुंध्यापासून पानं वर चढतात, खाली सूर्यासारखं चक्र, आजूबाजूला द्राक्षं आणि डाळिंबं. क्रूस म्हणजे पालवी फुटलेलं झाड. क्रुसावरचा येशू दिसतो तो थोड्याच दगडांवर. त्यातला हाघपात मठातला 1273 चा ‘आमेनाप्र्किच’, म्हणजे सर्वांचा तारणहार, सर्वात प्रसिद्ध आहे. त्यावर लाल रंगाचा अंश अजून टिकून आहे.

तो कोरणाऱ्याचं नाव वाहराम. म्हणजे ‘कारागीर अज्ञात’ हेही सरसकट खरं नाही. नोरावांक मठाचा मोमिक होता, गोशावांक मठाचा पोघोस होता. पोघोसचा 1291 चा खाचकार जवळून पाहिला तर दगड आहे हे डोळ्यांना पटत नाही. पुढे क्रूस, त्याच्या मागे जाळी, त्या जाळीतून आणखी आतली जाळी. सुईने विणल्यासारखं काम, म्हणून लोकांनी त्याला ‘सुईकाम’ असंच नाव दिलं. एक घाव चुकला तर विण तुटणार. ‘एकाच साच्यातले’ म्हणणाऱ्याने दोन खाचकार शेजारी ठेवून बघावेत. पन्नास हजारांवर खाचकार आहेत असं मानतात, आणि हुबेहूब सारखे दोन सापडत नाहीत.

कला संपली म्हणावं तर आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये आजही छिन्नी-हातोडीचा आवाज येतो. 2010 मध्ये युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते कारागीर काम करतायत म्हणूनच.

आता जुल्फा. आरास नदीच्या काठी, आजच्या अझरबैजानमधल्या नाखिचेवानमध्ये, ही आर्मेनियन दफनभूमी होती. 1648 मध्ये एका फ्रेंच प्रवाशाने तिथे दहा हजार दगड असल्याचं लिहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे 5,000 उरले होते, 1970 च्या दशकातल्या मोजणीत 2,700 च्या आसपास. तोवर काळाने आणि माणसाने हळूहळू नेलं, असं म्हणता येईल. पुढचं तसं नाही. 1998 पासून दगड हटवणं सुरू झालं, आणि डिसेंबर 2005 मध्ये सैनिक मोठ्या हातोड्यांनी उरलेले दगड फोडतायत याचं चित्रीकरण नदीपलीकडून, इराणच्या काठावरून झालं. अझरबैजान सरकारने हे नाकारलं. पण 2003 आणि 2009 ची उपग्रहचित्रं शेजारी ठेवली की आधीच्यात दगडांच्या रांगा दिसतात, नंतरच्यात सपाट जमीन. याला ‘पडून गेले’ म्हणणं म्हणजे फोडणाऱ्यांचं खोटं आपण पुढे पाठवणं आहे.

जुल्फाची माणसं आपल्याला अगदी परकीही नाहीत. 1604-05 मध्ये इराणच्या शाह अब्बासने जुल्फाचे लोक उठवून इस्फहानला नेले. तिथल्या नव्या जुल्फातून निघालेले आर्मेनियन व्यापारी सुरतेला आणि मुंबईला आले, मुंबईच्या फोर्टमधलं आर्मेनियन चर्च 1796 चं आहे. जुल्फाच्या त्या जमिनीत ज्यांना पुरलं होतं, ते या व्यापाऱ्यांचे पूर्वज. तिथले मोजके खाचकार आधीच आर्मेनियन चर्चच्या मुख्य केंद्राला, एच्मियाद्झिनला नेले होते, म्हणून तेवढे वाचले.